रसवंतीचा चरक गेममध्ये बसवताना

गेम आर्टिस्ट व्हायचंय अशी मुलं कॉम्प्युटरवर केलेल्या वस्तूंचे नमुने पाठवतात; असे महिन्याला दहा-पंधरा पोर्टफोलिओ माझ्याकडे येतात. त्यात तलवार असते, लाकडी पेटी असते आणि गंजलेला लाल ड्रम तर असतोच. ड्रम पुष्कळदा बरा जमलेलाही असतो. पण त्या मुलानं ड्रमला कधी हात लावलेला नसतो, दुसऱ्या कुणाच्या ड्रमवरून तो केलेला असतो, आणि ते लगेच कळतं. पाणी तळाशी साचतं, म्हणून गंज खालून वर चढायला हवा. इथे तो कोथिंबिरीसारखा सगळीकडे भुरभुरलेला असतो.

म्हणून मी सांगते, ड्रम सोडा, रसवंतीचा चरक करा. बीड, लाकूड, पत्रा, पितळ, रबर, ऑइलपेंट सगळं एकाच वस्तूत मिळतं, शिवाय ती फिरते. मी मूळची मिरजेची. पुण्यात चौदा वर्षं गेमसाठी प्रॉप आणि एन्व्हायर्नमेंट करते, बहुतेक आउटसोर्सचं काम. म्हणजे गेम परदेशातला आणि त्यातली बाकडी, खांब, गटाराची झाकणं आमची. गेल्या उन्हाळ्यात बऱ्याच वर्षांनी स्वतःसाठी काहीतरी केलं, ते हे. ते करताना काय काय केलं आणि कुठे चुकले, ते खाली आहे.

आधी जा आणि बघा

टेक्श्चरसाठी, म्हणजे वस्तूवर चढवायच्या चित्रांसाठी, फोटो ढगाळ उजेडात काढायचे असतात. उन्हात काढले तर सावली फोटोत अडकते आणि मग इंजिनच्या, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, उजेडात ती खोटी दिसते. पण पावसाळ्यात बऱ्याच रसवंत्या बंद, तेव्हा उन्हाळ्यातच, सकाळी सातला, ऊन चढायच्या आत जा. सोबत मेजरटेप घ्या. आणि विचारून फोटो काढा, रस प्या.

मी सासवड रस्त्यावरच्या एका रसवंतीत गेले. काका मशीन धूत होते. मी चाकाला टेप लावली तसे म्हणाले, "काय ताई, मशीन घ्यायचंय का?" म्हटलं, नाही काका, कॉम्प्युटरवर असंच बनवायचंय. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग स्वतःच दाखवायला लागले. ऊस आत सरकवतात त्या पत्र्याच्या कडेला अर्धा इंच खाच पडली होती. रोज त्याच जागी ऊस घासून पडलेली. चाकाच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली होती. रंगाचे तीन थर दिसत होते: वर लाल, पोपडा उडाला तिथे हिरवा, त्याखाली कसलासा राखाडी. रोलरजवळचं लोखंड आरशासारखं, आणि त्याच्या दोन इंच खाली वाळलेल्या रसाचा काळपट, चकचकीत, चिकट थर, त्यावर धूळ. गेल्या खंडेनवमीचं हळदकुंकू अजून बोल्टच्या खाचेत होतं.

एवढं बघितल्यावर अर्धं टेक्श्चर झालेलं असतं. रंगवायच्या सॉफ्टवेअरमधल्या तयार स्मार्ट मटेरियलचं बटण दाबून "कडा घासलेलं लोखंड" मिळतं, पण खाच कुठे पडते ते त्या बटणाला माहीत नसतं. ते सगळ्या कडा सारख्याच घासतं. मी एकशे चाळीस फोटो काढले, त्यातले वापरले तीसेक. बाकीचे नुसते बघायला.

हिशेब मांडा, मग सॉफ्टवेअर उघडा

चाकाचा व्यास ९० सेंटिमीटर. अनरियल या गेम इंजिनमध्ये एक युनिट म्हणजे एक सेंटिमीटर, त्यामुळे मोजलेलं माप तसंच घालता येतं. पहिल्या दिवशी फक्त ठोकळे आणि नळकांडी लावून आकार उभा करा, शेजारी इंजिनमधला माणसाचा पुतळा ठेवा. मूठ त्याच्या कमरेच्या आसपास आली नाही तर काहीतरी चुकलंय. हा टप्पा मुलं उडवतात आणि मग पाचव्या दिवशी चरक टेबलफॅनएवढा दिसतो म्हणून रडतात.

आता बजेट. २०११ मध्ये मी लागले तेव्हा आम्ही प्लेस्टेशन ३ साठी काम करायचो. त्यात २५६ एमबी मेन मेमरी आणि २५६ एमबी ग्राफिक्सची, बस्स. गेममधली प्रत्येक वस्तू त्रिकोणांचीच बनते; एका प्रॉपला, म्हणजे वस्तूला, दीड हजार त्रिकोण आणि ५१२ पिक्सेलचं टेक्श्चर मिळालं की दिवाळी. आज प्लेस्टेशन ५ मध्ये १६ जीबी आहे, म्हणून बजेट संपलं असं नव्या मुलांना वाटतं. पण त्याच गेमला १० जीबीच्या एक्सबॉक्स सिरीज एसवरही चालायचं असतं. आणि सेकंदाला साठ फ्रेमचा गेम असेल तर एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंदच मिळतात, तीस फ्रेमचा असेल तर ३३.३३. हा आकडा कुठल्याही ग्राफिक्स कार्डानं वाढत नाही.

चरकासाठी मी चौदा हजार त्रिकोण धरले. आम्ही ऑफिसात ट्राय म्हणतो. टेक्श्चरची घनता एका मीटरला १०२४ पिक्सेल, कारण वस्तू खेळाडूच्या डोळ्यांजवळ येणार. म्हणजे २०४८ च्या एका टेक्श्चरमध्ये दोन बाय दोन मीटर, चार चौरस मीटर पृष्ठभाग मावतो. चरकाचा सगळा पृष्ठभाग उलगडून मोजला तर याच्या दीडपट भरला. इथे दोन वाटा: सरळ ४०९६ चं टेक्श्चर घ्या, नाहीतर यूव्ही, म्हणजे उलगडलेल्या पृष्ठभागाचे तुकडे, एकमेकांवर ठेवा. चाकाचे सहा आरे सारखेच आहेत. सहाही आऱ्यांना एकाच आऱ्याची जागा द्या. दातेरी चाकाच्या दोन्ही बाजूंना एकच. दर्शनी भाग मात्र, तो खाचेचा पत्रा आणि मूठ, स्वतंत्र ठेवा. नाहीतर तोच ओरखडा दोन ठिकाणी दिसतो आणि सगळं बिंग फुटतं.

हा खटाटोप कशाला, ते आकड्यात सांगते. २०४८ चं टेक्श्चर बीसी७ या पद्धतीनं दाबलं की एका पिक्सेलला एक बाइट, म्हणजे ४ एमबी. मिपमॅप, म्हणजे लांबून दिसण्यासाठीच्या त्याच्या छोट्या प्रती, धरून सव्वापाच. रंग, नॉर्मल (बारीक उठाव दाखवणारा) आणि पॅक केलेला (खरखरीतपणा, धातूपणा वगैरे एकत्र भरलेला) नकाशा अशी तीन टेक्श्चर धरली तर १६ एमबी. तेच ४०९६ ला चौपट, ६४. एका चरकाला ६४ एमबी मागितले तर टीमचा लीड काय बोलेल ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घुंगरांचं काय झालं

मॉडेल करताना एकच नियम धरा: त्रिकोण बाह्यरेषेवर खर्च करा. ९० सेंटिमीटरच्या चाकाला चाळीस बाजू द्या, कंजूषपणा करू नका, कारण ते आकाशासमोर दिसतं. दातेरी चाकाचे दात खरे कोरा. बोल्ट, स्क्रू, बिडात ओतलेली अक्षरं ही हायपॉलीत, म्हणजे भरपूर त्रिकोणांच्या मॉडेलवर, करून नॉर्मल मॅपवर बेक करा, म्हणजे छापून घ्या. कडांना गोलाई खऱ्यापेक्षा जास्त द्या. खऱ्या चरकाची कड दोन मिलिमीटरची असली तरी मी पाच देते. त्याशिवाय लांबून कडेवर उजेडाची रेघ पकडत नाही आणि वस्तू पुठ्ठ्याची वाटते.

आणि मी स्वतः काय केलं? घुंगरं इतकी गोड होती की एकेक पूर्ण कोरलं, फट आणि आतल्या गोळीसकट. एकाला चारशे ट्राय. चाकावर तीस घुंगरं. बारा हजार! आख्ख्या मशीनला उरले दोन हजार. चौदा वर्षांच्या अनुभवानंतर. दुसऱ्या दिवशी सगळी उडवली, साठ ट्रायचं एक घुंगरू केलं, फट बेक केली आणि तेच तीस वेळा वळवून वळवून लावलं. कुणाला फरक कळत नाही, मलाही नाही.

बेकबद्दल एक जुनी जखम सांगते. नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनल, म्हणजे उठावाची वर-खाली दिशा सांगणारा भाग, अनरियलमध्ये डायरेक्टएक्सच्या पद्धतीचा लागतो, युनिटी आणि ब्लेंडरमध्ये ओपनजीएलच्या. दोन्ही एकमेकांच्या उलट. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी चौसष्ट प्रॉपची बॅच शुक्रवारी संध्याकाळी उलट्या चॅनलनं पाठवली. सोमवारी क्लायंटकडून एकच स्क्रीनशॉट आला. त्यात प्रत्येक बोल्टच्या जागी खड्डा होता. तेव्हापासून बेक झाल्याबरोबर मी एक बोल्ट निवडते, वरून उजेड टाकते आणि त्याची वरची कड उजळते का ते बघते. दहा सेकंदांचं काम आहे.

रंगवताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, रंग दिलेलं लोखंड हे ग्राफिक्सच्या हिशेबात धातू नाही. मेटॅलिक म्हणजे धातूपणाचा आकडा: वरचा ऑइलपेंट शून्य, गंज शून्य, आणि जिथे उघडं लोखंड चमकतं तिथेच एक. निम्मी मुलं आख्खं मशीन एकवर ठेवतात आणि मग ते गोट्यांसारखं का दिसतं म्हणून विचारतात. दुसरी, काळं म्हणून शून्य काळा घेऊ नका. बेस कलर, म्हणजे मूळ रंग, ० ते २५५ च्या मापात साधारण ३० च्या खाली उतरला की त्याला कितीही उजेड द्या, तिथे भोकच दिसतं. तिसरी, रफनेस (खरखरीतपणा) आणि पॅक केलेल्या नकाशाच्या सेटिंगमध्ये एसआरजीबीची, म्हणजे फक्त रंगांसाठी असलेली, खूण काढा. ती राहिली की तुम्ही रंगवलेलं एक आणि स्क्रीनवर दुसरंच.

रफनेसवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. वस्तूची सगळी कथा तिथे असते. ट्यूब गुंडाळलेली मूठ हातांनी गुळगुळीत झालेली, रसाचा थर चकचकीत पण धूळ बसली तिथे मठ्ठ, रोलरवर आडव्या बारीक रेघा. रंगाचा नकाशा बंद करून नुसत्या करड्या मशीनवर उजेड फिरवून बघा. तरीही चरक ओळखू आला तर पुढे जा. मी दोन दिवस एवढंच केलं.

पत्र्याची शेड आणि नवं तंत्रज्ञान

एकटा चरक पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवला तर तो शोरूममधला वाटतो. म्हणून शेड केली: पत्रा, बांबू, हिरवी जाळी, प्लास्टिकच्या खुर्च्या. आणि इथे ल्युमेननं, म्हणजे अनरियलमधल्या उजेडाचा हिशेब करणाऱ्या यंत्रणेनं, मला धडा शिकवला.

अनरियलची पाचवी आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये आली, तेव्हा आमच्याकडे सगळे म्हणत होते की आता लायटिंगचं काम संपलं. लाइटमॅप, म्हणजे उजेडाचा आधीच करून ठेवलेला हिशेब, बेक करायला रात्रभर मशीन लावून ठेवायचं दुखणं खरंच गेलं, त्याबद्दल मी अनरियलवाल्यांची ऋणी आहे. पण ल्युमेन साध्या मोडमध्ये वस्तूची एक ढोबळ आवृत्ती धरून उजेडाचा हिशेब करतं. भिंत १० सेंटिमीटरपेक्षा पातळ असली की उजेड आरपार गळायला लागतो. पत्रा किती जाड असतो? माझ्या शेडमध्ये भरदुपारी कोपऱ्याकोपऱ्यातून ऊन पाझरत होतं, चाळणीसारखं. उपाय अगदी गावठी: छताच्या वरच्या अंगाला, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, पंधरा सेंटिमीटरची जाड फळी टाकली. पूर्वी न दिसणारी बाजू आम्ही कापून टाकायचो, आता न दिसणारी बाजू नव्यानं बांधतो.

नॅनाइट, म्हणजे लाखो त्रिकोणांची मॉडेल तशीच चालवणारी अनरियलची सोय, हिच्यावर माझं मत जरा वेगळं आहे. "लाखो त्रिकोण फुकट उधळतात" अशी तक्रार जुने आर्टिस्ट करतात. पण दहा लाख त्रिकोणांचा नॅनाइट मेश, म्हणजे मॉडेलचा सांगाडा, डिस्कवर साधारण १४ एमबी भरतो. ४०९६ चा एक नॉर्मल मॅप याहून जड असतो. तेव्हा दगड, भिंती, पडकी देवळं यांना नॅनाइट बिनधास्त वापरा. एलओडी, म्हणजे लांबून दिसायच्या कमी त्रिकोणांच्या आवृत्त्या, हातानं करायचे दिवस मला अजिबात परत नकोत. चरकाला मात्र मी जुनीच पद्धत ठेवली, कारण मुलाखतीत लोपॉली (कमी त्रिकोणांचं मॉडेल) आणि बेक दाखवावंच लागतं, आणि कारण हाच चरक फोनवरही न्यायचा होता.

हिरव्या जाळीनं सगळ्यात जास्त पिडलं. भोकं असलेलं मटेरियल एकावर एक चार थर आलं की तोच पिक्सेल परत परत रंगवावा लागतो. त्यात अपस्केलर, म्हणजे छोटं चित्र मोठं करून दाखवणारी सोय, चालू असला की बारीक जाळी शिजल्यासारखी थरथरते. शेवटी जाळीची भोकं मोठी केली, लांबच्या अंतरावर ती सरळ अर्धपारदर्शक दिसणाऱ्या साध्या टेक्श्चरवर नेली, आणि तिच्यातून येणारा हिरवट उजेड एका वेगळ्या दिव्यानं टाकला. हे फसवणं आहे. आमचा धंदाच तो आहे.

फोनचं थोडक्यात: आपल्याकडे बहुतेक लोक गेम फोनवर खेळतात, तेव्हा एक मोबाइल आवृत्ती कराच. मी अडीच हजार ट्राय आणि ५१२ चं एक टेक्श्चर ठेवलं, एएसटीसी ६×६ या फोनवरच्या दाबायच्या पद्धतीत मिपमॅप धरून दीडशे केबीच्या आसपास. जाळी काढून टाकली. घुंगरं दहा ठेवली.

एआयबद्दल मुलं विचारतातच. मी एकदा एआयकडून रसवंतीचं चित्र काढून बघितलं. रंग झकास, पण दातेरी चाकांचे दात एकमेकांत बसत नव्हते आणि एक आरा हवेतच संपला होता. आमच्या बऱ्याच क्लायंटच्या करारात ते वापरायला मनाई आहे, आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात जानेवारी २०२४ पासून गेममध्ये वापरलं असेल तर सांगावं लागतं. पोर्टफोलिओत ते असलं आणि सांगितलं नसलं तर मी पुढचं पान उघडत नाही.

दिवस मोजायला शिका

चरकाला मला आठ दिवस लागले: फोटो आणि अभ्यास एक, ठोकळे एक, हायपॉली दोन, लोपॉली आणि यूव्ही एक, बेक अर्धा, टेक्श्चर दोन, इंजिन अर्धा. शेडचा वेळ वेगळा, आणि घुंगरांवर वाया गेलेला दिवस मी लाजेनं धरलेला नाही. हा हिशेब पोर्टफोलिओत लिहा. आउटसोर्सचं सगळं जग माणशी-दिवसांवर चालतं, आणि "किती दिवस लागतील?" या प्रश्नाला "बघते" असं उत्तर देणारा आर्टिस्ट कितीही चांगला असला तरी लीडची झोप उडवतो.

फीडबॅक हा या नोकरीचा अर्धा भाग. कॅलिफोर्नियाचा क्लायंट असेल तर ते आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. आपण झोपतो तेव्हा ते तपासतात, सकाळी चहासोबत नोट्स मिळतात. एक प्रश्न विचारायला विसरलात तर एक आख्खा दिवस गेला. "थोडं अजून पुश करा" अशी नोट आली की अंदाजानं काम सुरू करू नका. तीन छोटे नमुने करा, कमी, मध्यम, जास्त, एका चित्रात शेजारी शेजारी लावून आकडे टाका आणि विचारा, कुठला? माझ्या हाताखालच्या एका मुलीनं असं न विचारता चार दिवस एका दरवाज्याचा गंज वाढवला. त्यांना रंग गडद हवा होता.

नोकरी घेण्याआधी तीन गोष्टी तोंडानं विचारा, मग लेखी बघा. क्रेडिटमध्ये माझं स्वतःचं नाव येईल की फक्त स्टुडिओचं? केलेलं काम पोर्टफोलिओत कधी दाखवता येईल? घरी, स्वतःच्या वेळात केलेल्या कामावर हक्क कुणाचा? मी पहिल्या नोकरीत यातलं काहीच विचारलं नाही. पगार चौदा हजार होता आणि गेमचं काम मिळतंय याच धुंदीत सही केली. मी ज्यावर दीड वर्ष घासलं त्या गेमच्या शेवटी नावांची यादी अकरा मिनिटं चालते. आईला शेजारी बसवून बघितली. माझं नाव नव्हतं. आई म्हणाली, "पुढच्या वेळी लावतील."

आणि हात सांभाळा. २०१६ मध्ये तीन महिने आम्ही रात्री अकरापर्यंत बसत होतो. कुणी बळजबरी केली नव्हती, पण सहाला उठून जाणाऱ्याकडे सगळे बघायचे. शेवटी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ यायला लागली की पोळी लाटता येईना. डॉक्टरांनी पट्टा दिला, सहा आठवडे कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं पेन बंद. तेव्हापासून माउस डाव्या हातात, पेन उजव्या हातात, आणि तासाला एकदा उठून पाणी आणायला जाते. बाटली मुद्दाम छोटी ठेवली आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभर स्टुडिओंनी माणसं कमी केली तेव्हा अकरापर्यंत बसणारेही गेले आणि सहाला उठणारेही.

पाठवताना चार चित्रं पुरेत: पूर्ण दृश्य, त्रिकोणांच्या रेघा दिसणारा मेश, टेक्श्चरचं पान आकड्यांसकट, आणि खऱ्या चरकाचा फोटो शेजारी. शेवटचं कुणी लावत नाही, घाबरतात. लावा. फिरणाऱ्या चाकाची दहा सेकंदांची क्लिपही द्या.

मी ती क्लिप फोनवर घेऊन काकांना दाखवायला गेले. त्यांनी हात पुसले, फोन लांब धरून दोनदा बघितलं. खाच बरोबर आहे म्हणाले, ट्यूब बघून हसले. मग म्हणाले, "पण ताई, चाक उलटं फिरतंय. असं फिरलं तर ऊस बाहेर येईल."

घरी येऊन रोटेशनच्या आकड्यापुढे उणे चिन्ह टाकलं आणि क्लिप परत रेंडरला लावली.